लॉरीच्या वाट्याचा कडबा

परवा देवासच्या नाक्यावर मी एका पातीची पावती दुसऱ्या पातीच्या कारकुनापुढे धरली. देवास ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या एका गावात राज्यं दोन आहेत, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, कचेऱ्या दोन, नाके दोन. रस्त्याच्या या कडेला कुणी शिंकलं तर त्या कडेच्या राज्यात ती शिंक धरत नाहीत. बारा वर्षं मी त्या गावातून लॉरी हाकतो आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, कुठला कागद कुठं दाखवायचा. आणि तरीही खिशातून नेमका नको तो कागद काढला, वर दम भरला, "लवकर करा, मागे कापूस आहे, खडी नाही!"

कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला, कागद उलटा पाहिला, सुलटा पाहिला आणि हळूच म्हणाला, "जावईबापू, ही समोरच्यांची. आमची काढा."

मागे ओळीत उभे असलेले गाडीवाले फिदीफिदी हसले. मी उखडलो. "बसल्या जागी कागद उलटेसुलटे करायला काय जातं? जरा रस्त्यावर उतरून बघा म्हणजे कळेल!" असं बरंच काही बोललो. कारकून उठला, नाक्याचा आडवा बांबू स्वतःच्या हातानं वर केला आणि मी पुढे जाईपर्यंत धरून उभा राहिला.

हा कारकून म्हणजे अण्णा. माझ्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. 'रस्त्यावर उतरून बघा' हे वाक्य जगातल्या ज्या एका माणसाला मी म्हणू नये, तो हाच.

कार्तिक सरला आणि रस्त्यानं कापसाच्या गाड्या दिसू लागल्या की मला राग येतो. या दिवसांत कुणाला सर्दी होते, कुणाचा दमा उठतो, माझा राग उठतो. घरच्यांना आता सवय झाली आहे. मार्गशीर्ष लागला की आमच्या घरातून चहात आलं घालायचं बंद होतं. "आधीच तिखट आहात," बायको म्हणते. कुणाकुणावर रागावतो त्याची यादी मोठी आहे. त्या यादीच्या तळाशी एक नाव आहे, तिथवर जाऊन पोचायचं मात्र मी इतकी वर्षं टाळत आलो.

लोक म्हणतात कापसाला वास नसतो. ते कधी कापसाच्या लॉरीवर पाठ टेकून पडलेले नाहीत. उन्हात तापलेल्या कापसाला सरकीचा तेलकट, जरासा गोड वास येतो, तान्ह्या मुलाच्या टाळूसारखा. टोंकखुर्दहून देवासला येताना रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांत गाड्यांवरून निसटलेले पुंजके अडकतात. हंगाम भरात आला की सगळ्या बाभळी पिकल्या केसांच्या दिसायला लागतात. सकाळच्या दंवानं ते पुंजके जड होऊन लोंबतात, ऊन वर आलं की पुन्हा फुलतात. शेतात हरभरा घाट्यांवर आलेला असतो, बांधावर कुणीतरी तो भाजत असतं, आणि धूर रस्त्यावर आडवा येतो. हे सगळं फार सुंदर असतं. ते इतकं सुंदर असतं याचाच मला राग येतो.

माझी पहिली लॉरी महूच्या छावणीनं काढून टाकलेली होती. फौजेला जे नको ते आम्हाला नवं. चाकं भरीव रबराची. वाटेत धोंडा आला की त्याचा आकार थेट दाढेत कळायचा. दिवे कार्बाइडचे, भोंगा रबरी, बसायला फळी. पुढे हँडल घालून फिरवायचं. लागली तर लागली, नाही तर ते हँडल उलटं फिरून मनगटावर असं बसायचं की तारे दिसत. पहिल्या महिन्यात माझा उजवा हात सुजून भोपळा झाला. आमचं घराणं बग्गीखान्यातलं, त्यामुळे घरातल्या बायकासुद्धा घोड्यांच्या हिशेबानंच बोलतात. ही शेकत शेकत म्हणाली, "घोडा लाथ मारायच्या आधी निदान कान तरी पाडतो. हिचं काहीच कळत नाही."

पण ती माझी होती. हे मला कसं सांगावं कळत नाही. पणजोबा मराठी फौजेबरोबर माळव्यात आले ते दुसऱ्याच्या घोड्याची निगा राखत. आजोबांनी दुसऱ्याच्या बग्ग्या पुसल्या. वडील धारला बग्गीखान्याचे जमादार झाले, म्हणजे दुसऱ्याच्या बग्ग्या दुसऱ्यांकडून पुसून घेऊ लागले. दरबारातून बोलावणं आलं की ते भरल्या ताटावरून उठत. तोंडात घास असला तर तो गिळायलासुद्धा थांबत नसत. मी बग्गीखान्यात लागायला नकार दिला तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि आता मी ओट्यापुढे उभी केलेली, गळणारी, खोकणारी, पण दुसऱ्या कुणाची नसलेली एक लॉरी पुसत होतो. दिवसातून तीनदा पुसत होतो. लोक बघत आहेत ना, हेही अधूनमधून पाहून घेत होतो.

त्याच वर्षी अण्णानंही कात टाकायचं ठरवलं होतं. देवासला एका पातीच्या कचेरीत तो बोरू झिजवत असे. कोणत्या पातीच्या ते लिहीत नाही, दोन्हीकडे आमची सोयरीक आहे. टोंकखुर्दला त्यांची थोडी काळी जमीन होती, आजवर दुसऱ्यांनी कसलेली. अण्णानं एका हंगामाची रजा काढली आणि धोतराचा काचा मारून स्वतः कापूस लावला. नातेवाइकांत हसू झालं. उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर बसून तो म्हणाला होता, "जावईबापू, मी पिकवतो, तुम्ही वाहून न्या. हा एक हंगाम साधला की राजीनामा. नाही साधला तर परत त्याच दौतीत बोरू बुडवायचा, मरेपर्यंत. दुसरी संधी मला मिळायची नाही." मी त्याच्या हातावर हात मारला. दोघांनाही त्या संध्याकाळी फार मोकळं वाटलं. सलाम ठोकायला आता कुणाच्या दारात जायचं नाही, असं आम्ही इतक्या मोठ्यानं बोललो की आतून वडील खोकले.

मार्गशीर्षात त्याचं पत्र आलं. कापूस वेचून खळ्यात उघड्यावर पडला आहे. दोन बैलगाड्या मिळत होत्या, पण आपण मोटार आणणार म्हणून सोडल्या. हंगामात सुटलेली गाडी संक्रांतीपर्यंत परत मिळत नाही हे आपण जाणताच. केव्हा येता?

मी उलट टपाली कळवलं, सोमवारी निघतो. ताडपत्री नवी करकरीत शिवून ठेवली होती. तिला अजून दोऱ्याचा वास येत होता.

त्याच आठवड्यात धारमध्ये बातमी फुटली की कुणी बडे पाहुणे मांडू पाहायला आणि शिकारीला येणार आहेत, त्यांचा तळ नालछ्याला पडणार. असा दौरा आला की गाड्या धरायची रीत होती. शिपाई बाजारात शिरत, दिसेल त्या बैलगाडीच्या जुवावर हात ठेवत, आणि ती गाडी तंबू, चुली, कोंबड्यांचे खुराडे वाहायला जाई. किती दिवस ते विचारायचं नाही. बदल्यात आपण केलेला सलामसुद्धा परत मिळत नसे. याला वेठ म्हणत. गाडीवाल्यांनीही त्यावर आपली रीत काढली होती. दौऱ्याची कुणकुण लागली की गाडीचं एक चाक काढायचं आणि कडब्याच्या गंजीत पुरून टाकायचं. एका चाकाची गाडी धरून कोण काय करणार? त्या आठवड्यात आमच्या आळीतल्या साऱ्या गाड्या एका ढोपरावर बसल्यासारख्या कलंडल्या होत्या आणि त्यांचे मालक पारावर निवांत चिलीम ओढत होते.

आमच्या शेजारचा गाडीवाला नाथू माझ्याकडे आला. लॉरीला चाकं चार, तीही भरीव, ती काढणं काही सोपं नव्हे हे त्यानं पाहून ठेवलं होतं. त्यानं हँडलकडे बोट केलं. "भिया, यो हेंडल घर में लुकाई दो. कोई पूछे तो की दीजो, गमी गयो."

किती साधी गोष्ट होती! हँडल हरवलं म्हणायचं, की फौजेचा जनरल आला तरी ती लॉरी हलणार नाही. मी हसलो. म्हणालो, "नाथूभिया, आम्ही दरबारचे जुने लोक. आम्हाला कोण धरतंय?"

त्यापुढची हकीगत मी बारा वर्षं एकाच तऱ्हेनं सांगत आलो आहे. शिपाई आला, मला लॉरीसकट धरलं, नालछ्याला नेलं आणि अकरा दिवस डांबून ठेवलं. लग्नाकार्यांत पंगत उठल्यावर लोक मला हे सांगायला लावतात, कारण त्यात कडबा येतो.

कडबा असा. तळावर फर्राशखान्याचा, म्हणजे तंबू-सतरंज्यांच्या खात्याचा, एक कारकून चौरंगावर यादी मांडून बसला होता. त्याचं नावही लिहीत नाही, नातवंडं आमच्याच आळीत राहतात. त्यानं विचारलं, "गाडी?" मी म्हणालो, "मोटार लॉरी." त्यानं लिहिलं, खटारा एक.

"खटारा नव्हे, लॉरी."

"बैल किती?"

"बैल नाहीत."

"मग ओढतं कोण?"

"इंजीन."

"इंजिनाला रकाना नाही," तो म्हणाला आणि बैलाच्या रकान्यात दोन लिहून मोकळा झाला. संध्याकाळी वाटप झालं. खटारा एक, कडब्याच्या पेंढ्या चार. मी म्हणालो, अहो, हिला पेट्रोल लागतं. तो म्हणाला, "मंजूर कडबा आहे. घ्या आणि सही करा." आणि मी सही केली! पेंढ्या खांद्यावर घेऊन लॉरीशी आलो तेव्हा नालछ्याच्या बाजारातून धरून आणलेले गाडीवाले पोट धरून हसत होते. "कंई भिया, नी खाय? मुंडो खोलो इको!" एकानं तर खरंच बॉनेट उघडून पेंढी पुढे धरली. शेवटी त्यांच्याच बैलांनी ती खाल्ली. घरून भरून नेलेल्या डब्यांतलं पेट्रोल मात्र पाहुण्यांच्या सामानापायी जळत होतं.

सामान काय होतं म्हणता? आंघोळीचा पत्र्याचा टब. सोड्याच्या बाटल्यांच्या पेट्या. ग्रामोफोन. आणि मखमली पाठीची एक खुर्ची, जिच्या बैठकीला मधोमध भोक होतं. ती कशाला ते पाहुण्यांच्या खानसाम्यानं कानात सांगितलं. तिला ओरखडा उठता कामा नये, म्हणून ती पुढे माझ्या शेजारी बांधली. माझ्या पहिल्या लॉरीत माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली पहिली स्वारी ती. पंगतीत इथे हशा पिकतो. मीही हसतो. घरी येऊन दात खातो.

पंगतीत न सांगितलेलं पुढे आहे. नालछ्यापुढच्या चढावर जिथं माझी लॉरी दम तोडायची, तिथून सामान माणसांच्या डोक्यावर जाई. गंधवानीकडून आणलेले भिल्ल होते. थंडीत उघड्या पिंढऱ्या, टाचांच्या भेगांत मुरूम भरलेला. एक म्हातारा टब डोक्यावर घ्यायला आला. टब घेण्याआधी त्यानं मला वाकून जोहार केला. मला! मी चपापून मागे पाहिलं, माझ्यामागे कुणी नव्हतं. त्याच्या लेखी मी धरलेल्यांतला नव्हतो, धरणाऱ्यांतला होतो. आणि मला एकदम आठवलं की लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी बाजारात गाड्या धरताना पाहायला गेलो आहे. वडील काठी उगारायचे, गाडीवाले पांगायचे, आणि मी वरून टाळ्या वाजवायचो. ते आठवलं की अजून माझ्या तळहातांना आग होते.

नवव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. आधी मातीचा वास, मग तापल्या बॉनेटवर पहिले थेंब चर्र करत उडाले. मावठा, हिवाळ्यातला अवकाळी पाऊस. पाहुणे मंडळी खूश झाली, धूळ बसेल म्हणून. खानसामा ओरडत आला, "ताडपत्री, ताडपत्री!" मी ताडपत्री सोडली आणि त्यांच्या खुर्च्या झाकल्या, ग्रामोफोन झाकला, मखमलीची खुर्ची झाकली. चारी कोपरे दगडांखाली नीट दाबले. अण्णाच्या कापसासाठी शिवलेली ताडपत्री ती. पाऊस दुसऱ्या दिवसापर्यंत पडत होता.

टोंकखुर्दला पोचलो तेव्हा अण्णा खळ्यात एकटा होता. भिजलेला कापूस उन्हाला लावत होता, हातानं पिंजून, मूठमूठ. पिवळा पडला होता, गोळे झाले होते, आतून ऊब येत होती. एक गोळा मी उकलला तर सरकीला कोंब फुटले होते, नखाएवढे, हिरवे. जिनिंगवाल्यानं आदल्याच दिवशी पाहून मान हलवली होती. अण्णा मला पाहून म्हणाला, "आलात? आधी पाणी घ्या." मी तिथल्या तिथं सांगितलं, मला धरून नेलं. तो म्हणाला, "दरबारपुढे कुणाचं चालतंय." एवढंच. रजा संपल्यावर तो परत गेला. कचेरीतली त्याची खुर्ची दुसऱ्याला दिली होती, त्याला नाक्यावरची मिळाली. जमीन पुन्हा दुसऱ्यांकडे कसायला गेली.

आता राहिलेलं लिहितो. मला कुणी धरलं नव्हतं.

शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. त्यानं लॉरीवर हातसुद्धा ठेवला नाही. "दरबारातून बोलावणं आहे, मोटार घेऊन," एवढंच म्हणाला. हँडल माझ्या हातात होतं. मागच्या अंगणात विहीर होती. आणि मी, सलाम ठोकायचा नाही म्हणून ओट्यावर गर्जना करणारा मी, आत जाऊन हिला म्हणालो, "ट्रंकेतली वडिलांची पगडी काढ." पाहुणे बहुधा माझ्या लॉरीतून मांडू पाहणार असं मला वाटलं. शेला मिळेल, सारं धार पाहील, वडील कौतुकानं बोलतील. त्या घटकेला अण्णाची मला आठवणही नव्हती, खोटं कशाला लिहू. आठवण आली ती कडबा मिळाल्यावर.

आणि कडबा मिळाल्यावरही मी थांबलो. चौथ्या दिवशी त्याच कारकुनानं सांगितलं होतं, "सामान पोचलंय, खटारा जागा अडवतोय, जायचं तर जा." तेव्हा निघालो असतो तर पावसाच्या तीन दिवस आधी टोंकखुर्दला पोचलो असतो. पण खानसामा म्हणाला होता, बडे साहेब मोटारीची मौज पाहतील कदाचित. कदाचित! त्या एका शब्दासाठी मी आणखी सात दिवस पगडी सांभाळत, लॉरी पुसत बसलो. दहाव्या दिवशी, पाऊस उघडल्यावर, साहेब खरंच आले. लॉरीभोवती एक फेरी मारली, इंग्रजीत काहीतरी बोलले, सगळे हसले. मीही हसलो, न कळता. मग ते हत्तीवर चढून गेले.

यादीच्या तळाशी जे नाव आहे ते हे. कारकून, खानसामा, मावठा, सगळ्यांवर रागावून झालं की उरतो तो एक पगडीवाला मूर्ख, आणि त्याच्यावर ओरडायला कुणी सापडत नाही म्हणून मी नाक्यावरच्या माणसावर ओरडतो. तो बांबू उचलतो. त्यानं एकदा तरी तो माझ्या डोक्यात घालायला हवा होता. त्याच्या शांतपणाचा मला जितका राग येतो तितका त्या कडब्याचाही येत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर काल दुपारी मी हिला वाचून दाखवलं. ती पडवीत सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. कडब्याच्या गोष्टीलाही हसली नाही. शेवटापर्यंत मान वर केली नाही.

"झालं?"

"झालं."

"अण्णाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही आपल्या पायांनी गेलात ते. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात मी त्याला लिहून कळवलं होतं. माझ्या भावाशी मी खोटं बोलणार होते की काय?"

म्हणजे खळ्यात मी 'धरून नेलं' म्हणालो तेव्हा त्याच्या खिशात हिचं पत्र होतं. "मग तो मला एका शब्दानं बोलला कसा नाही?"

"म्हणाला, आपण होऊन सांगतील तेव्हा ऐकून घेईन."

"अगं, पण बारा वर्षं झाली त्याला!"

तिनं सूप झटकलं, टरफलं एका बाजूला केली. "झाली की," म्हणाली. "तो नाका सोडून जातोय कुठं!"